अकोल्याचं हवाई अंतर

अमरावतीहून अकोल्याला विमानानं जायला नऊ मिनिटं लागतात, असं फोननं मला सांगितलं तेव्हा मी गॅलरीत बसून चहात टोस्ट बुडवत होतो. टोस्ट तुटून कपात पडला. मी तो चमच्यानं काढत राहिलो आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. रस्त्यानं इतके किलोमीटर, रेल्वेनं इतके, हवाई अंतर त्याहून कमी, आणि विमानाचा वेळ नऊ मिनिटं. खाली नकाशात दोन ठिपके होते आणि त्यांना जोडणारी एक सरळ निळी रेघ. त्या रेघेवर बडनेरा नव्हतं, मूर्तिजापूर नव्हतं, उन्हात तापलेलं बसस्टँड नव्हतं, माझा गुडघा नव्हता. दोन गावं कोणीतरी सुईनं एका टाक्यात ओढून जवळ आणावीत तसं ते दिसत होतं. मला ते वाचून बरं वाटलं नाही. खरं म्हणजे मला अंतर मोठं हवं होतं. साधनाला सांगण्यासाठी हवं होतं. साधना माझी एकुलती मुलगी. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, तिथल्या एका शाळेत शिकवते. दिवाळीपासून मी तिच्याकडे गेलो नव्हतो आणि आता होळी जवळ आली होती. दर रविवारी तिचा फोन येई. आम्ही उन्हाबद्दल बोलू, नळाला पाणी आलं की नाही त्याबद्दल बोलू. या, असं ती म्हणत नसे. येतो, असं मी म्हणत नसे. शेवटी मीच मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, की आता या वयात एवढा प्रवास झेपत नाही. पण वाक्यात आकडा असला की त्याला वजन येतं, असं मला वाटतं. सारा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला, तिथून आलेली ही खोड. तो आकडा शोधायला म्हणून फोन उघडला, तर त्यानं माझ्या हातात नऊ मिनिटं ठेवली.

आणि मी त्यावर विश्वास ठेवला. छापील अक्षर दिसलं की मला आधी ते खरंच वाटतं, शंका नंतर येते, आणि शंका येते ती बहुधा स्वतःबद्दल. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून आता मुंबईचं विमान सुटतं हे मला ठाऊक होतं. त्याचा आवाज एकदा मी अंगणात उभं राहून ऐकलाही होता. तेव्हा अकोल्याचंही सुरू झालं असेल, आपण पेपर नीट वाचत नाही, आपलंच लक्ष नसतं, असं मनात आलं. खाली किसनराव त्यांच्या स्कूटरची सीट पुसत होते. किसनराव माझे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याहून थोडे लहान आणि माझ्याहून फार मोकळे. मी गॅलरीतूनच त्यांना विचारलं की अकोल्याचं विमान केव्हा सुरू झालं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि वर पाहिलं. मी नऊ मिनिटांचं सांगितलं. सांगतानाच मला कळत गेलं की मी काय बोलतो आहे, पण वाक्य अर्ध्यात सोडणं जमलं नाही.

"बसता कोठून पण?" किसनराव म्हणाले. "पाण्याच्या टाकीवरून काय? उत्तमराव, अकोल्यात शिवणीले धावपट्टी हाये, इमान कोठी हाये? तुमी त्या फोनले दोन गावं सांगतले, त्यानं भागाकार करून देल्ला. मी त्याले माया बेडरूमपासून मोरीचं इचारलं त तेही सांगन." मी हसलो. तेही हसले, आणि पुन्हा सीट पुसायला वाकता वाकता म्हणाले, "पण तुमच्यासाठी बेस होतं हो. नऊ मिनिटात जा, पोरीचं तोंड पाहा, नऊ मिनिटात वापस. भूक लागाचं कामच नाई."

त्यांच्या मनात काही नव्हतं. आमच्या घराची ही गोष्ट आळीतल्या सगळ्यांना माहीत आहे आणि किसनराव तिच्यावर गेली कित्येक वर्षं विनोद करत आले आहेत. पण मी आत येऊन पलंगावर बसलो. कप हातात होता. त्यात टोस्टचा लगदा तळाशी बसला होता. नऊ मिनिटांचं विमान नव्हतं, हे बरं झालं, असं वाटायला हवं होतं. अंतर पुन्हा मोठं झालं होतं. पण ते मोठं होईना. एकदा ती निळी रेघ पाहिली आणि दूर आहे हा शब्द माझ्या तोंडात राहिनासा झाला. दूर नव्हतंच. दूर कधीच नव्हतं. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं म्हणूनच तर आम्ही मुलगी अकोल्यात दिली होती, आणि सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं म्हणूनच इतकी वर्षं आम्ही तिच्या घरी न जेवता राहू शकलो होतो. मुलगी पुण्याला असती तर हे चाललंच नसतं.

आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापानं जेवायचं नाही. माझ्या आईच्या मते पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आता बहुतेक घरांनी हे सोडलं आहे, माझ्या चुलतभावांनी सोडलं, पण माझी बायको कौशल्या आईच्या हाताखाली तयार झालेली. साधनाच्या लग्नानंतर पहिल्यांदा अकोल्याला निघालो तेव्हा तिनं पोळी-भाजीचा डबा घेतला आणि पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली. आम्ही अकोल्याच्या बसस्टँडवर बाकावर बसून जेवलो आणि मग रिक्षानं कौलखेडला मुलीच्या घरी गेलो, पोट भरलेलं आहे असं सांगायला. तेव्हा तो गमतीचा भाग होता. जावई श्यामराव एका डाळमिलमध्ये हिशेब पाहतात, अबोल माणूस, पण तेही त्या दिवशी म्हणाले होते की मामाजी, पुढच्या वर्षी वसूल करून घेऊ. साधना लाजली होती. कौशल्यानं तर काय जेवायचं तेही ठरवून टाकलं होतं: बारशाच्या दिवशी साधनाच्या हातचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वर पाण्याचे दोन तांबे. पुढच्या वर्षी, आणि मग त्याच्या पुढच्या वर्षी. मग नागपूरचे डॉक्टर सुरू झाले. दोनदा आशा दिसली आणि दोनदा मावळली. दुसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा साधना भिंतीकडे तोंड करून निजली होती, कौशल्या तिच्या पायाशी बसली होती, आणि त्याही दिवशी आम्ही बसस्टँडवर जेवूनच आलो होतो. मी त्या दिवशी घास परत डब्यात ठेवला. कौशल्या म्हणाली, खा, तिथं काही मिळायचं नाही. मिळायचं नाही असं ती म्हणाली, घ्यायचं नाही असं नाही, हे मला आठवतं, पण त्यातून काय काढायचं ते कळत नाही.

माझा स्वतःचा या रिवाजावर विश्वास होता का? मी पुस्तकं वाचणारा माणूस. सगळ्या रिवाजांबद्दल चार गोष्टी मला सांगता येतात, त्यांची कारणं, त्यांचं मूळ. पण एखादी गोष्ट मोडायची तर उठून बोलावं लागतं, आणि मला उठून बोलता येत नाही. कौशल्या गेल्यावर मोडता आली असती. पण तोवर त्या रिवाजाचा अर्थ बदलला होता. आता साधनाच्या घरी जेवणं म्हणजे तिला सांगणं, की बाई, आम्ही वाट पाहणं सोडलं. ती चाळिशी ओलांडून गेली होती. ताटावर बसून बापानं हे आपल्या मुलीला सांगायचं? त्यापेक्षा उपाशी राहणं सोपं होतं. मी न जेवणं हे तिच्या बाजूनं उभं राहणं आहे असं मला वाटे. दर भेटीत ती पाण्याचा पेला आणून टीपॉयवर ठेवी आणि मी निघालो की तो तसाच भरलेला उचलून नेई. आम्ही दोघंही त्या पेल्याकडे पाहत नसू. दिवाळीला मी फराळ पोचवायला गेलो होतो तेव्हाही तसंच झालं. चपला घालत होतो. ती दारात उभी होती, हातात तो पेला. "बाबा," ती म्हणाली, "पुन्हा असंच उपाशी जायाचं असन त येऊ नका." रागानं नाही म्हणाली. दूधवाल्याला उद्या दूध नको असं सांगावं तशी म्हणाली. त्या आवाजानं मी घाबरलो. जेवलो तर तिची आशा मोडतो आणि न जेवलो तर मुलगी जाते, अशा जागी येऊन मी थांबलो होतो, आणि दिवाळीपासून तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी डबा केला नाही. हे मी ठरवून केलं असं म्हणायचं धाडस होत नाही. कणीक काढली होती, परत डब्यात टाकली, एवढंच. बसमध्ये कंडक्टरनं माझं कार्ड पाहून न विचारताच अकोल्याचं तिकीट फाडून दिलं, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना फुकट असतं ते. मला खिडकी मिळाली. बडनेऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना तूर निघून गेलेली वावरं, मधूनच उभी राहिलेली पऱ्हाटी, तिच्यावर चुकून राहिलेले कापसाचे पांढरे पुंजके. काळी माती भेगाळू लागली होती. डोक्यात ती निळी रेघ होती आणि बस तिच्या खाली खाली, जमिनीवरून, प्रत्येक फाट्यावर थांबत चालली होती. मला वाटलं, आपल्याला हेच बरं. वरून गेलो असतो तर विचार करायला वेळ मिळाला नसता. मग वाटलं, विचार करून तरी आजवर काय केलं. शेजारी एक बाई मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन झोपल्या होत्या. त्या वासानं मला भूक लागली. सकाळचा चहा सोडला तर पोटात काही नव्हतं. एरवी या वेळी कौशल्यानं डब्याचं झाकण किंचित उघडून भाजी सांडली नाही ना ते पाहिलं असतं.

मूर्तिजापूरला बस थांबली आणि मी उतरलो. पाय मोकळे करायला म्हणून. समोर अमरावतीची गाडी लागली होती, इंजिन सुरू होतं, दाराशी जागा रिकामी दिसत होती. मी त्या गाडीपर्यंत गेलो. पायरीच्या दांड्याला हात लावला, तो तापलेला होता. आतल्या सीटवर बसलो की झालं. साधनाला कळणारही नव्हतं की मी निघालो होतो. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते नीट सांगता येईल तर बरं होईल. भीती होतीच, पण भीतीच्या मागे एक चित्र होतं. साधना ताट वाढते, मी पहिला घास घेतो आणि ती माझ्या तोंडाकडे पाहते. तिला समजतं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरतं आणि मग ती तो चेहरा घेऊन जन्मभर वावरते. मला तो घास दिसत होता, तो हात दिसत होता, आणि तो हात माझा होता. पाठीमागून आमच्या कंडक्टरनं हाक मारली, "ओ काका, अकोलावाले ना तुमी? गाडी चुकली तुमची, इकडे या." माझा हात दांड्यावरून सुटला. मी शाळेतल्या मुलासारखा परत आलो आणि माझ्या जागेवर बसलो. कोथिंबीरवाल्या बाई जाग्या झाल्या होत्या. त्यांनी पाय आत घेतले आणि म्हणाल्या की बाबाजी, म्हातारपणी हे असंच होते, मायाही बुढा भलत्याच गाडीत बसते. मी हो म्हणालो. काही लोक आपली अडचण किती सहज सोपी करून टाकतात. शिवणीपाशी मी मुद्दाम उजवी-डावीकडे पाहिलं. धावपट्टीच्या कुंपणाच्या आत गवत वाळलं होतं आणि वर आकाश रिकामं होतं.

साधना शाळेतून नुकतीच आली होती. शनिवारी सकाळची शाळा असते. बोटांना खडू होता आणि केस कपाळावर चिकटले होते. मला दारात पाहून ती क्षणभर बाजूलाच झाली नाही. सांगितलं का नाही, फोन का केला नाही, रिक्षा कुठं मिळाली, असं तिनं विचारलं आणि मी काहीबाही उत्तरं दिली. मी सोफ्याच्या कडेला बसलो, नेहमीच्या जागी, उठायला बरं पडतं म्हणून. तिनं पंखा वाढवला. श्यामराव मिलमध्ये गेले होते, ते संध्याकाळी येणार होते. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि बसूनच राहिली. पाणी आणलं नाही. टीपॉय रिकामा होता. तिथं वर्तमानपत्राचा अंक आणि चष्म्याची डबी, एवढंच. भरलेला पेला समोर असताना मला जेवढी लाज वाटे त्याहून जास्त लाज आता वाटू लागली. ती माझ्या नियमाप्रमाणे वागत होती. या माणसाला या घरात काही द्यायचं नसतं, हे तिनं मान्य करून टाकलं होतं. मला कळलं की आता आग्रह होणार नाही. मी नको म्हणावं आणि तिनं घ्या म्हणावं, मग नाइलाजानं घ्यावं, अशी जी पळवाट मी मनाशी धरून आलो होतो ती बंद होती. मला मागावं लागणार होतं. मी आयुष्यात कोणाला काही मागितलेलं नाही. ग्रंथालयात लोक माझ्याकडे मागत. घरी कौशल्या मागायच्या आधी वाढत असे. पंख्याचा खट खट आवाज येत होता. माझ्या पोटातही आवाज झाला, चांगला मोठ्यानं, आणि तो तिनं ऐकला असणार.

"साधना," मी म्हणालो, "जेवाले काही आहे काय?"

"कोणासाठी?" तिनं विचारलं.

"माझ्यासाठी."

"डबा नाई आणला?"

"नाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. शाळेत एखादं पोर खोटं बोलतंय का हे पाहताना ती असंच पाहत असेल. मग तिनं ओढणीच्या टोकानं बोटांचा खडू पुसला, एकेक बोट वेगळं करून. "मंग ठरवलं म्हना तुमी," ती म्हणाली. "का आता मले पोर होत नाई म्हणून."

हेच ते. याच वाक्याला भिऊन मी मूर्तिजापूरला दुसऱ्या गाडीचा दांडा धरला होता. पुस्तकात अशा जागी माणसं काहीतरी म्हणतात, आणि वाचताना मला ते नेहमी थोडं खोटं वाटतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती इतकी क्षुल्लक होती की सांगायची शरम वाटली, पण दुसरं काही नव्हतंच. "मले ते माहीत नाई, बाई," मी म्हणालो. "मले भूक लागली."

साधनाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती. आणि नंतर पाहिलं तर रडतही होती, पण थोडंसंच, शिंक यावी तसं. "आमी कधीचंच सोडलं ते, बाबा," ती म्हणाली. "आई होती तवाच. नागपूरहून येता येता गाडीतच मी तुमच्या जावयाले म्हटलं, बस झालं. तवापासून आमी दोघंही सुखी आहो. खरंच सुखी आहो." मी विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही. ती म्हणाली, "कसं सांगाव? तुमी दोघं डबा घेऊन येत होते. उनातानात बसस्टँडवर खात होते. मले वाटे, एवढी आस लावून आहेत हे लोकं, यांची कशी मोडू. अन् आई गेल्यावर वाटलं, आता तुमीच एकटे आशेवर आहा." ती थांबली आणि तिचा आवाज चढला. "माझी आई या घरातून दर वेळी उपाशी गेली. एक घोट पाणी नाई पेली. मले पोर झालं नाई याचं एवढं नाई वाटत जेवढं त्याचं वाटते." ते बोलून झाल्यावर तिनं दम घेतला. मी मान खाली घातली. मला वाटत होतं की यावर मी खूप काही बोललं पाहिजे, पण आत पाहिलं तर तिथं एक मोठी मोकळी जागा झाली होती, सामान हलवल्यावर खोलीत होते तशी. तिची आशा मोडेल म्हणून इतकी वर्षं मी जी धरून ठेवली होती ती आशा तिच्याजवळ नव्हतीच. ती फक्त माझ्याजवळ होती. आणि माझ्याजवळ तरी कुठं होती, मी ती तिची म्हणून सांभाळत होतो. हा विचार मला पुरता धरता आला नाही. तो आला आणि त्याच्या पाठोपाठ घाम आला, आणि अंग हलकं झालं, ताप उतरताना होतं तसं.

स्वयंपाक नव्हता. दुपारी तिचं एकटीचं असतं, म्हणून ती काहीतरी खाऊन घेते. रात्रीच्या पोळ्या उरल्या होत्या. "मी ठरवलं होतं, तुमी जेवसान त्या दिवशी चार जिन्नस करीन," ती आतून म्हणाली. "अन् आता शिळ्या पोळ्या कुस्करून देऊन राहिली. खासान ना?" मी खाईन म्हणालो. मोहरी तडतडली, कांद्याचा वास आला. हा वास मी या घरात कितीदा घेतला होता, पोट भरल्याचं सोंग करत. तिनं ताटली आणून माझ्या हातात दिली आणि पेला टीपॉयवर ठेवला. मी आधी पाणी प्यायलो. सगळं प्यायलो, खाली न ठेवता, आणि ती माझ्या गळ्याकडे पाहत होती. मग फोडणीची पोळी खाल्ली. तिखट जास्त झालं होतं. नाक वाहू लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचंच होतं असं मी स्वतःला सांगितलं आणि बहुधा ते खरंही होतं. मी आणखी मागितली. दुसऱ्यांदा मागणं सोपं गेलं. तिनं कढई पुसून ताटलीत टाकली, मग एक केळं दिलं, मग आठवून लिंबाचं लोणचं दिलं, पण ते ज्याच्याबरोबर खायचं असं आता काही उरलं नव्हतं, तर मी तेही नुसतं चाटून खाल्लं. मधेच तिनं श्यामरावांना फोन लावला. "बाबा जेवले," एवढंच म्हणाली. मग ते काहीतरी बोलले आणि ती हसली. काय बोलले ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिला पुन्हा शाळेत जायचं होतं, स्नेहसंमेलनाची तालीम होती. आज राहा, असं ती म्हणाली नाही. श्यामरावांची एक धुतलेली लुंगी काढून पलंगावर ठेवली आणि दार नुसतं लोटून घ्या म्हणाली. मी आडवा झालो. या घरात मी पहिल्यांदाच पाठ टेकली होती. छत मी कधी पाहिलं नव्हतं. त्यावर पंख्याच्या भोवती ओलीचा एक पिवळट डाग होता. मला वाटलं, आता खूप आठवणी येतील, कौशल्या येईल, तिच्याशी काही बोलावं लागेल. पण झोप आली. गाढ, स्वप्न नसलेली, पोट भरलेल्या माणसाची झोप. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायाशी सरकलं होतं. क्षणभर कुठं आहे ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा निघायची घाई मनात आली नाही. एरवी या वेळी मी बसस्टँडवर असतो, घड्याळ पाहत. तोंडाला कोरड होती आणि, आश्चर्य म्हणजे, पुन्हा भूक लागली होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. इतकी वर्षं या घरात येतो, पण हा उंबरा मी ओलांडलेला नव्हता. पेले कुठं असतात ते मला माहीत नव्हतं. ओट्याच्या वरचं कपाट उघडलं तर त्यात चहाचे कप आणि औषधं निघाली. खालच्यात डाळी होत्या, मिलमधून आलेल्या, स्वच्छ. पेले जाळीच्या मांडणीत उपडे घातले होते. मी पाणी घेतलं. मग हात आपोआप फळीवरच्या डब्यांकडे गेला. कोणाच्याही घरात मी असा डब्यांना हात लावलेला नाही, स्वतःच्याही घरात आधी कौशल्याला विचारत असे. पहिल्यात रवा होता. दुसऱ्यात मुरमुरे. तिसऱ्याचं झाकण घट्ट होतं, ते काखेत धरून ओढावं लागलं. आत शेंगदाण्याचे लाडू होते, गुळाचे, वेडेवाकडे वळलेले. साधनाला लाडू कधीच गोल वळता आले नाहीत. मी एक घेतला आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या खाऊ लागलो. गूळ दाढेत चिकटला. दुसरा घेतला. तो निम्मा झाला होता तेव्हा बाहेरचं दार वाजलं, चपला निघाल्याचा आवाज आला, आणि मी झाकण कसंबसं डब्यावर ठेवून तसाच उभा राहिलो, तोंड भरलेलं, मिशीला कूट लागलेलं.

साधना स्वयंपाकघराच्या दारात आली. खांद्यावरची पिशवी तिनं खुंटीला लावली. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग पुढे येऊन चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "झाकन नीट लावत जा, बाबा. मुंग्या होतात."

मी झाकण काढलं, तिच्यासाठी एक लाडू बाहेर घेतला, आणि डबा पोटाशी धरून ते घट्ट दाबून लावलं.